जुनं सान हुआन (पोर्तो रिको): दोन किल्ले, तटबंदी आणि पायी फिरण्याचा नेमका क्रम

गडकोट | ३ डिसेंबर, सकाळी ९:१२

पोर्तो रिकोला (कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) जाणारे बहुतेक जण जुन्या सान हुआनला अर्धा दिवस देतात. एल मोरोच्या मैदानात फोटो काढायचे, रंगीत घरांच्या गल्ल्यांतून हिंडायचं आणि परतायचं. पण हे सगळं गाव म्हणजे एकच मोठा किल्ला आहे, हे आधी ध्यानात घेतलं तर त्याच अर्ध्या दिवसात कितीतरी जास्त पदरात पडतं. ज्यांना इथली खडान्‌खडा माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

आधी जागा समजून घेऊ. जुनं शहर एका लहान बेटावर आहे. उत्तरेला अटलांटिक, दक्षिणेला बंदराची खाडी, पश्चिमेला खाडीचं अरुंद तोंड आणि पूर्वेला पुलांनी जोडलेला बाकीचा भाग. पश्चिम टोकावर एल मोरो, पूर्वेला सान क्रिस्तोबाल. दोन्हींत साधारण दीड किलोमीटर अंतर.

दोन किल्ले का, याचं उत्तर हल्ल्यांच्या क्रमात आहे. स्पॅनिशांनी एल मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू केलं, खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक समुद्रावरून चालून आला. नादुरुस्त झालेल्या एका गॅलियनमधला (मोठ्या शिडाच्या जहाजातला) खजिना तेव्हा शहरात आणून ठेवलेला होता, त्यावर त्याचा डोळा होता. मोरोच्या तोफांनी त्याला परतवलं. तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, अर्ल ऑफ कंबरलंडने सैन्य पूर्वेला उतरवलं आणि जमिनीवरून येऊन मोरो घेतला. पुढे त्याच्या सैन्यात हगवण पसरली आणि त्याला किल्ला सोडून जावं लागलं. १६२५ मध्ये डच सेनानी हेंड्रिक्स जहाजं घेऊन मोरोच्या तोफांसमोरून थेट खाडीत घुसला, शहर ताब्यात घेतलं, मोरोला जमिनीकडून वेढा घातला. मोरो पडला नाही, पण जाताना त्याने शहर जाळलं.

म्हणजे समोरून येणाऱ्याला मोरो पुरून उरत होता, पण पाठीकडून येणाऱ्याला वाट मोकळी होती. त्यानंतरच शहराभोवती तट उभा राहिला आणि १६३४ पासून पूर्वेला सान क्रिस्तोबाल आकाराला आला. अठराव्या शतकात तो वाढत वाढत अमेरिका खंडातला स्पॅनिशांचा सर्वांत मोठा किल्ला झाला. १७९७ मध्ये ॲबरक्रॉम्बी इंग्रजी फौज घेऊन पूर्वेकडूनच आला, पण या बाजूच्या संरक्षणफळ्या ओलांडून शहरापर्यंत पोचू शकला नाही.

एवढं लक्षात ठेवून फिरलात की कुठली तोफ कुठे का रोखलेली आहे ते आपोआप कळत जातं.


खलाशी | ३ डिसेंबर, सकाळी १०:०५

उत्तम धागा. क्रूझने येणाऱ्यांसाठी भर घालतो.

बोट कुठे लागणार ते आधी पाहा. जुन्या शहराचे धक्के अगदी तटाच्या पायथ्याशी आहेत, उतरलं की चालायला सुरुवात. पण काही बोटी पॅन अमेरिकन धक्क्याला लागतात. तो पाण्यापलीकडे इस्ला ग्रांदेला आहे, तिथून टॅक्सी करावी लागते. त्या येण्याजाण्याचा वेळ हिशोबात धरा.

किल्ले सध्या सकाळी ९:३० ते दुपारी ४:३० उघडे असतात. संध्याकाळी लागणाऱ्या बोटीवाल्यांना किल्ल्यात पाय ठेवता येत नाही, हे अनेकांना बोटीवर चढल्यावर कळतं. तुमची बोट तशी असेल तर मोरोचं मैदान, पश्चिमेचा तट आणि गल्ल्या एवढाच बेत ठेवा, तोही कमी नाही.

तिकीट १६ वर्षांपासून पुढे १० डॉलर, त्याखालच्यांना नाही. एकाच तिकिटावर २४ तासांत दोन्ही किल्ले पाहता येतात, पावती जपून ठेवा. दोन्ही किल्ले अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे असल्यामुळे त्यांचा वार्षिक पास इथे चालतो. पासधारकासोबत तीन प्रौढ येऊ शकतात. पासावरच्या नावाचं फोटो ओळखपत्र मात्र हवं. पास घरी आणि फोटो फोनमध्ये, असं चालत नाही.


मीठभाकर | ३ डिसेंबर, सकाळी ११:४०

सहा तास हातात आहेत, बोट जुन्या शहरालाच लागणार आहे. सोबत सत्तरीपुढचे दोघं आणि दहा वर्षांचा मुलगा. आधी कुठला किल्ला? आणि एकच होणार असेल तर कुठला?


गडकोट | ३ डिसेंबर, दुपारी १२:२२

आधी सान क्रिस्तोबाल. धक्क्यापासून तो जवळ आहे आणि बोटींतली गर्दी सकाळी मोरोकडे धावते, त्यामुळे इथे पहिला तास निवांत मिळतो. एकच करायचा असेल तरीही माझं मत सान क्रिस्तोबालच. भुयारं, टाकी, दारूकोठार, बाहेरचे पडकोट, सगळं एका जागी पाहायला मिळतं.


टेहळणी | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

इथे मी गडकोटांशी सहमत नाही. निदान ज्येष्ठ सोबत असताना तरी नाही.

मोरोच्या दारापर्यंत गाडी जात नाही. रस्ता संपतो तिथून किल्ल्याच्या पुलापर्यंत सुमारे अर्धा किलोमीटर उघडं मैदान आहे, त्यात एकही झाड नाही. हे मैदान मुद्दाम मोकळं ठेवलेलं आहे. जमिनीकडून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. तोच आडोसा साडेबारा वाजता तुम्हालाही मिळत नाही. वारा सतत असतो, त्यामुळे ऊन जाणवत नाही आणि लोक पाणी पीत नाहीत. मग परतीच्या वाटेवर गरगरायला लागतं.

म्हणून माझा क्रम असा: धक्क्यावरून टॅक्सी किंवा उबर करून थेट मैदानाच्या कडेला उतरा, ९:३० ला मोरोच्या दारात पोचा, अकरापर्यंत बाहेर पडा. सकाळचं ऊन पाठीशी असतं, त्यामुळे मैदानातून मोरोचे फोटो त्याच वेळी चांगले येतात, दुपारनंतर सूर्य समोर येतो. मग गल्ल्यांतून सावलीसावलीने पूर्वेकडे, आणि दुपारी सान क्रिस्तोबाल, कारण तिथे उन्हातून भुयारात आणि कमानींखाली जाता येतं.

शिवाय हे गाव चढावर आहे. धक्क्यापासून वरच्या नोर्सागाराय रस्त्यापर्यंत सरळ चढण आहे. वाहनाने वर जाऊन पायी खाली येणं गुडघ्यांना सोपं.


गडकोट | ३ डिसेंबर, दुपारी १:५०

उन्हाचा मुद्दा मान्य. ज्येष्ठ असतील तर टेहळणींचा क्रम घ्या. दोन तरुण माणसं असतील, डोक्यावर टोपी आणि पाण्याची लिटरभर बाटली असेल तर माझा.

आता प्रत्येक किल्ल्यात काय चुकवू नये ते लिहितो.

एल मोरो सहा पातळ्यांत बांधलेला आहे, पाण्यापासून वरच्या माथ्यापर्यंत जवळजवळ १४० फूट. पुलावरून आत येताना पायाखाली कोरडा खंदक आहे. यात पाणी कधीच नव्हतं, शत्रूला खाली उतरायला लावून वरून मारण्यासाठी तो आहे. जमिनीकडचं तोंड दोन अर्ध्या बुरुजांचं, शिंगांसारखं पुढे आलेलं आहे. ही आखणी १५८९ च्या सुमाराला हुआन दे तेहादा आणि इटालियन अभियंता बाउतिस्ता अंतोनेल्ली यांनी केली. आपल्या डोंगरी किल्ल्यांवर कडा हाच तट असतो, इथे सपाटीवर भूमितीने कडा तयार केलाय. एका बुरुजाच्या तोफा दुसऱ्याच्या पायथ्याशी मारा करतात, त्यामुळे तटाला चिकटून उभं राहिलेल्या शत्रूलाही सुटका नाही.

मुख्य चौकात टाकं, देवघर आणि कमानींच्या खोल्या आहेत. तिथवर वयस्कर माणसं सहज येतात. खालच्या सांता बार्बारा तोफमंचाकडे जाणारा उतार लांब आणि तीव्र आहे. उतरणं सोपं, चढताना दम लागतो. ज्यांना तो झेपणार नसेल त्यांना चौकात सावलीत बसवा. तुम्ही मात्र खाली जाच, कारण खाडीचं तोंड किती अरुंद आहे ते तिथूनच कळतं. समोरच्या किनाऱ्यावर एक चौकोनी छोटी गढी दिसते, ती एल कान्युएलो. मोरो आणि ती, दोन्हीकडून एकाच जहाजावर मारा. आधीची लाकडी गढी डचांनी जाळली, मग ती दगडात बांधली. आत जाता येत नाही.

माथ्यावरचं दीपगृह १९०८ चं. त्याआधीच्याला १८९८ मध्ये अमेरिकन आरमाराच्या तोफांचा मार बसला होता. शेजारची काँक्रीटची टेहळणी चौकी दुसऱ्या महायुद्धातली. स्पॅनिश चुन्याचं काम आणि अमेरिकन सिमेंट एकमेकांना लागून आहेत, फरक बोट लावून पाहता येतो. १९६१ पर्यंत इथे लष्कराचा तळ होता.


दीपमाळ | ३ डिसेंबर, दुपारी ३:०८

चुन्याच्या कामावरून आठवलं म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

हे तट भरीव दगडाचे नाहीत. बाहेर आणि आत दगडाच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत वाळू-खडी-मातीचा भराव, वरून चुन्याचा गिलावा. मोरोचा तट काही जागी १८ फूट आणि त्याहूनही जाड आहे. दगड इथलाच, वालुकाश्म आणि चुनखडी. आपल्या काळ्या पाषाणाच्या मानाने मऊ, पाणी पिणारा. त्यामुळे गिलावा ही इथे सजावट नव्हे, ते भिंतीचं कातडं आहे. गिलावा फुटला की पाऊस आणि खारी हवा आत जाते, पाणी वाळताना मिठाचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. फटीत एखादं वडापिंपळाच्या जातीचं रोप रुजलं की बाकीचं काम मुळं करतात.

विसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी सिमेंटने डागडुजी झाली आणि तिनेच नुकसान वाढवलं. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि श्वास घेत नाही, ओल आत कोंडली जाते आणि शेजारचा मऊ दगड आधी झडतो. म्हणून आता दुरुस्ती पुन्हा चुन्यात करतात. तटावरून चालताना एखादा भाग पांढुरका-नवा दिसला तर ‘जुनं सौंदर्य बिघडवलं’ असं म्हणू नका. तटाला उघडा दगड दाखवत ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. त्या काळीही तट गिलाव्यानेच झाकलेले होते. आपल्याकडेही गडांच्या दुरुस्तीत हाच वाद दर वेळी होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुलांना तटावर चढून बसवून फोटो काढू नका, बाहेरच्या बाजूला थेट खडक आणि लाटा आहेत.


गडकोट | ३ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

फार छान लिहिलंत दीपमाळ. आता सान क्रिस्तोबाल.

याचं मर्म एका वाक्यात सांगायचं तर: बाहेरची फळी पडली तरी ती जिंकणाऱ्याच्या उपयोगाची राहू नये. सर्वांत आत उंच मुख्य बुरूज, त्यापुढे शिंगाड्या तट, त्यापुढे सान कार्लोस आणि ला त्रिनिदाद हे सुटे पडकोट, आणि सर्वांत बाहेर पंख्याच्या आकाराचा एल आबानिको. प्रत्येक बाहेरचं बांधकाम आतल्यापेक्षा बुटकं आहे आणि आतल्या बाजूने उघडं आहे. शत्रूने ते घेतलं तर समोर आडोसा असतो, पण मागून, म्हणजे किल्ल्याकडून, तो पूर्ण उघडा पडतो. वरच्या पातळीवर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात की ही उतरंड स्पष्ट दिसते. १७६५ नंतर अलेहांद्रो ओ’रायली आणि अभियंता तोमास ओ’डेली या मूळच्या दोन आयरिश माणसांनी स्पेनसाठी ही रचना पुरी करत आणली.

मुख्य चौकाखाली पाच मोठी टाकी आहेत. त्या बेटावर गोड्या पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून छतांवर आणि चौकात पडणारा पाऊस उताराने टाक्यांत उतरवला आहे. चौकातल्या फरसबंदीचा उतार बघा, पाणी कुठे जाणार ते कळतं.

भुयारं दोन कामांची आहेत. एक, सैन्य आणि दारूगोळा तोफांच्या माऱ्यात न सापडता एका फळीतून दुसऱ्या फळीत नेण्यासाठी. दुसरं, प्रतिसुरुंगासाठी. १७३९ च्या वसईच्या वेढ्यात मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज उडवला आणि तटाला खिंडार पाडलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सान क्रिस्तोबालच्या आखणीत नेमकं याच हल्ल्याचं उत्तर आधीच खणून ठेवलेलं आहे. बाहेरच्या जमिनीखालून भुयारांच्या शाखा नेल्या आहेत. शत्रू वर येऊन बसला की त्या शाखेत दारू ठासायची आणि वरची जमीन उडवायची. वसई डोक्यात ठेवून ही भुयारं पाहा.

एका अंधारकोठडीच्या भिंतीवर जुन्या जहाजांची चित्रं आहेत, शिडं-दोरखंडासकट. कैद्याने काढलेली. काचेमागे आहेत, फ्लॅश वापरू नका.

आणि समुद्रावर पुढे आलेली दगडी घुमटी, तिला ‘सैतानाची गारिता’ म्हणतात. पहाऱ्याच्या अशा घुमट्यांना इथे गारिता म्हणतात आणि त्या सान हुआनचं चिन्हच झाल्या आहेत. ही जागा या किल्ल्याच्या सर्वांत जुन्या भागात, १६३४ मधली. तिथवर जाता येत नाही, वरून पाहायची.

१० मे १८९८ ला स्पॅनिश-अमेरिकन युद्धातला पोर्तो रिकोतला पहिला तोफेचा बार याच किल्ल्यावरून झाला. कॅप्टन आन्हेल रिवेरो यांच्या हुकमाने, ‘येल’ या अमेरिकन जहाजावर. दोनच दिवसांनी अमेरिकन आरमाराने शहरावर तोफा डागल्या.


मीठभाकर | ३ डिसेंबर, रात्री ८:१०

खूप आभार. टेहळणींचा क्रम घेते. नकाशावर पासेओ देल मोरो म्हणून एक रस्ता तटाबाहेरून थेट मोरोपर्यंत जाताना दिसतो. मैदान टाळून तिथून जाता येईल का?


टेहळणी | ३ डिसेंबर, रात्री ८:३२

नाही! बरं झालं विचारलंत. ही चूक रोज कित्येकांची होते.

ती वाट सान हुआन दरवाजातून बाहेर पडून तटाच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेने मोरोखाली जाते. पण तिथून वर चढायला रस्ता नाही. डोक्यावर तट, समोर समुद्र, आणि गेलात तसंच परत यायचं. तटावर चढू न देणं हेच त्याचं काम, ते तो अजून करतो. नकाशातलं सरळ रेषेतलं अंतर इथे उपयोगाचं नाही.

वेगळा तासभर असेल तर मात्र ही वाट जरूर करा. तट खालून बघितल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. सकाळी जा, कारण तट तुमच्या पूर्वेला असतो आणि त्याची सावली वाटेवर पडते. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट अंगावर येतं. संध्याकाळी सूर्यास्तासाठी पुन्हा चांगली. वाटेत मांजरं पुष्कळ दिसतील, त्यांना खायला घालू नका.


दीपमाळ | ३ डिसेंबर, रात्री ९:१५

दरवाजाबद्दल: तटाला पूर्वी अनेक वेशी होत्या. आज ज्यातून खरोखर आत शिरता येतं असा जुना दरवाजा हा एकच, १६३० च्या दशकातला. समुद्रावरून येणारा नवा गव्हर्नर किंवा बिशप इथे उतरायचा आणि चढ चढून सरळ कॅथेड्रलमध्ये आभाराची प्रार्थना करायला जायचा. तुम्हीही तसंच चाला: दरवाजातून आत, समोरची लहान चढण, समोर कॅथेड्रल. दरवाजाच्या वरचा लॅटिन मजकूर ‘प्रभूच्या नावाने येणारा धन्य असो’ असा आहे. पूर्वेच्या बाजूचा तट आणि तिथली वेस १८९७ मध्ये शहर वाढवण्यासाठी पाडली, त्यामुळे आज बहुतेक लोक वेशीविनाच शहरात येतात आणि तट असल्याचं त्यांना उशिरा कळतं.

दरवाजापासून तटाच्या आतून थोडं वर गेलं की ला रोगातिवा हे शिल्प आहे, १९७१ मधलं, लिंडसे डेन यांचं. १७९७ च्या वेढ्यात बिशप आणि बायकांनी मशाली घेऊन मिरवणूक काढली, इंग्रजांना वाटलं कुमक आली, अशी कथा. कथा म्हणूनच घ्या, पण शिल्प फार सुंदर आहे आणि तिथून खाडी छान दिसते.

कॅथेड्रलमध्ये हुआन पोन्से दे लेओनची संगमरवरी कबर आहे. त्याने १५०८ मध्ये या बेटावर कापार्रा ही पहिली वसाहत केली, १५२१ पर्यंत वस्ती आजच्या जागी हलली. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला, त्यामुळे कासा ब्लांका हे त्याच्या कुटुंबाचं घर म्हणून दाखवतात तिथे तो स्वतः कधी राहिला नाही. त्याच्या अस्थी १९०८ पर्यंत सान होसे चर्चमध्ये होत्या.

सान होसे चुकवू नका. १५३२ पासूनचं बांधकाम, गॉथिक कमानींचं छत. अमेरिका खंडात या शैलीची इतकी जुनी कामं फार थोडी उरली आहेत. वर्षानुवर्षं बंद होतं, दुरुस्ती होऊन २०२१ मध्ये उघडलं. बाहेरच्या चौकातला पोन्से दे लेओनचा पुतळा १७९७ मध्ये इंग्रजांकडून हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतलेला आहे. त्याच परिसरात बायाहा ही जुनी बराक, १८५४ ते १८६४ मधली. तिचं आतलं अंगण मोठं आणि सावलीचं आहे. ज्येष्ठांना बसायला मोरोनंतरची सर्वांत चांगली जागा हीच.


खलाशी | ४ डिसेंबर, सकाळी ७:५०

ला फोर्तालेसाबद्दल कोणी लिहिलं नाही. १५३३ ते १५४० मध्ये बांधलेली ही पहिली गढी, मोरोच्याही आधीची. पण जागा चुकली: खाडीच्या आत असल्यामुळे तोंडावरचं जहाज तिथून दिसतच नाही. म्हणून मोरो बांधावा लागला, आणि ही गढी गव्हर्नरचं निवासस्थान झाली. आजही आहे. ही गढी आणि शहराची तटबंदी मिळून १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतली फेरी मार्गदर्शकासोबतच, कामाच्या दिवशी. सरकारी समारंभ असला की फेऱ्या रद्द होतात. सहा तासांच्या बेतात तिच्यावर विसंबू नका.

निळसर फरशांचे रस्ते: याला आदोकिन म्हणतात. लोखंड गाळताना निघणाऱ्या मळीचे ओतीव ठोकळे आहेत, एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणलेले. ‘निळा दगड’ नाही. पावसाची सर आली की काचेसारखे निसरडे होतात, आणि इथे सर दहा मिनिटांची पण रोजची. रबरी पकडीचे बूट घाला, चपला नकोत. बाबागाडी या रस्त्यावर खूप हादरते, लहान बाळ असेल तर पाठीवरची झोळी बरी.


मीठभाकर | ४ डिसेंबर, सकाळी ९:२०

शाकाहारी आहोत. जुन्या शहरात काय मिळेल?


वरणफळ | ४ डिसेंबर, सकाळी १०:०२

मिळेल, पण नेमकं विचारावं लागेल, कारण ‘मांस नको’ म्हटलं की हॅम आणि कोंबडीचा रस्सा त्यात मोजत नाहीत.

मोफोंगो: हिरवी केळी (आपल्या राजेळीसारखी पिठूळ, भाजीची) तळून लाकडी खलात लसणाबरोबर कुटतात. मूळ कृतीत डुकराच्या तळलेल्या सालीचे तुकडे पडतात. ‘सिन चिचार्रोन’ सांगा. सोबत वाटीत येणारा रस्सा बहुतेक वेळा कोंबडीचा, तो नाकारा. कुटणं ताजं असतं, त्यामुळे सांगितलं तर वगळतात.

आर्रोस कोन गांदुलेस: हे गांदुल म्हणजे आपल्या तुरीचे दाणे! तुरीचा दाणा घातलेला केशरी भात. रंग शेंदरीच्या बियांचा. दिसायला घरचा वाटतो, पण एका मोठ्या पातेल्यात हॅम किंवा डुकराचं मांस घालूनच शिजवलेला असतो, त्यातून वेगळं काढता येत नाही. खास शाकाहारी असल्याचं सांगितलं असेल तरच घ्या. घेवड्याच्या उसळीचंही (आबिचुएलास) तेच.

बिनधोक: तोस्तोनेस (कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे काप), आमारिलोस (पिकलेल्या केळ्याचे गोड काप), पांढरा भात, आग्वाकाते म्हणजे अव्होकाडो. तेल वेगळं हवं असेल तर तेही विचारा.

तीन वाक्यं पाठ करा: ‘सिन कार्ने’, ‘सिन हामोन’, ‘सिन काल्दो दे पोयो’. मांस नको, हॅम नको, कोंबडीचा रस्सा नको.

दहा वर्षांच्या मुलासाठी: मोरोच्या मैदानाजवळ हातगाडीवर पिराग्वा मिळतो. किसलेल्या बर्फाचा निमुळता डोंगर, वर सरबत. आपला गोळाच, फक्त काडीऐवजी पेल्यात. चिंचेचा (तामारिंदो) मागा.


टेहळणी | ४ डिसेंबर, सकाळी ११:१७

आणि त्याच मैदानात पतंग! अटलांटिकवरचा वारा तिथे जवळजवळ कायम असतो, म्हणून शहरातली कुटुंबं पतंग उडवायला येतात. पतंगाला इथे चिरिंगा म्हणतात. संक्रांतीच्या सवयीने मांजा नेऊ नका, इथे काटाकाटी नसते आणि आजूबाजूला लहान मुलं पळत असतात. साधी दोरी. ड्रोनला मात्र या किल्ल्यांच्या हद्दीत बंदी आहे.

मैदानाच्या उत्तरेला तटाबाहेर, समुद्राला लागून पांढऱ्या कबरींचं सांता मारिया माग्दालेना दे पात्सिस दफनभूमीचं आवार आहे, १८६३ पासूनचं. स्वातंत्र्यवादी नेते पेद्रो आल्बिसू काम्पोस इथेच आहेत. वरून तटावरून दिसतं तेवढं पुरे होतं. त्याच्या शेजारची ला पेर्ला ही वस्ती, तिथे लोक राहतात. त्यांच्या दारात उभं राहून त्यांचे फोटो काढू नयेत. विचारून, दिवसा, एवढंच.


खलाशी | ४ डिसेंबर, दुपारी १२:४५

तारखांबद्दल एक: जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काये (म्हणजे रस्ता) सान सेबास्तियानचा उत्सव असतो. तो बघायला जात असाल तर उत्तम, पण किल्ले बघायला जात असाल तर ते चार दिवस टाळा. रस्ते बंद होतात, वाहन वर येत नाही. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, तेव्हा हवामानाचा इशारा आला की किल्ले आधी बंद होतात.


पाटीपेन्सिल | ४ डिसेंबर, दुपारी २:३०

अमेरिकेतून विमानाने जाणाऱ्या एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एफ-वनवाल्यांनी (विद्यार्थी व्हिसा) काय कागद न्यावेत? व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर अडचण येते का?


खलाशी | ४ डिसेंबर, दुपारी ३:०५

पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग आहे, त्यामुळे मुख्य भूमीवरून थेट विमान म्हणजे देशांतर्गत प्रवास. जाताना पारपत्र तपासणीचा टप्पा नाही, आणि देशाबाहेर पडणं होत नसल्यामुळे संपलेला शिक्का आड येत नाही, तुमचा राहण्याचा दर्जा वैध हवा. पण परतताना सान हुआनच्या विमानतळावर अधिकारी नागरिकत्व किंवा दर्जा विचारू शकतात. म्हणून पारपत्र, आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत, एच-वन-बी असेल तर मंजुरीचं पत्र, एफ-वन असेल तर सही असलेला आय-२० (शिक्षणसंस्थेने दिलेला दाखला), हे हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत नको.

क्रूझ हे वेगळं प्रकरण. बोट मध्ये दुसऱ्या देशाच्या बेटावर थांबत असेल तर तो परदेश प्रवास झाला, आणि एच-वन-बीवाल्यांना परत शिरताना वैध शिक्का लागतो. तिकीट काढण्याआधी बोटीचे सगळे थांबे वाचा.

परतीच्या दिवशी विमानतळावर अर्धा तास जादा धरा. चेक-इनच्या आधी सगळ्या बॅगा शेतीखात्याच्या यंत्रातून जातात. इथला आंबा मुख्य भूमीवर नेता येत नाही, काढून घेतात. बॅग तपासली की तिच्यावर चिकटपट्टी लावतात. ती नसेल तर काउंटरवरून परत रांगेत पाठवतात.


मीठभाकर | ४ डिसेंबर, दुपारी ३:४०

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक: मोरो बघून सान क्रिस्तोबालकडे जाताना वरचा नोर्सागाराय रस्ता घ्यावा की मधल्या गल्ल्या?


टेहळणी | ४ डिसेंबर, दुपारी ३:५८

मधल्या. नोर्सागारायवरून समुद्र दिसतो, पण अकरानंतर सावली नाही. मोरोच्या मैदानातून बायाहाच्या अंगणात या, पंधरा मिनिटं बसा. मग सान होसे चर्च, तिथून काये देल क्रिस्तोने उतरत कॅथेड्रल. जेवण त्याच भागात उरका. नंतर काये सान फ्रान्सिस्कोने सरळ पूर्वेला चालत राहिलात की कोलोन चौक लागतो आणि सान क्रिस्तोबाल डोक्यावर दिसतो. शेवटचा चढ तेवढा वयस्करांना टॅक्सीने करवा. साडेतीनला किल्ल्यातून बाहेर पडलात तर तिथून धक्का उताराने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.